पाय उचलला की टर्बो फडफडतो: ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह खरंच लागतो का?

इंदुरात आपल्या मंडळींकडे टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र, असलेल्या पेट्रोल गाड्या वाढल्या तशी एक तक्रार माझ्याकडे सारखी येते. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी जोरात ओढायची, ॲक्सिलरेटरवरून झटकन पाय उचलायचा, की बॉनेटखालून ‘फुतुतुतु’ असा आवाज. तरुण मुलांना तो आवडतो, त्यांच्या वडिलांच्या पोटात गोळा येतो. मग कुणीतरी सांगतं, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाबलेली हवा बाहेर सोडणारी झडप, टाकून घ्या, टर्बो वाचेल. व्हॉल्व्ह बसतो, काही दिवस बरे जातात आणि पुढे गाडी सिग्नलला येऊन बंद पडायला लागते. नाहीतर महिन्याभरात तोच आवाज परत येतो आणि नवा व्हॉल्व्ह शोधायची धावपळ सुरू होते.

माझं मत आधीच सांगतो. व्हॉल्व्ह हवा की नको हे आवाजावरून ठरवू नका. इंजिनाला थ्रॉटलची, म्हणजे हवेची वाट उघड-बंद करणारी, चकती आहे का, बूस्ट म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब किती आहे आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हवा कुठे मोजतो, या तीन गोष्टींवर ते ठरतं. आणि आजच्या बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांत कारखान्यातूनच व्हॉल्व्ह आलेला असतो. तो असताना दुसरा बसवायचा नसतो, आहे तो का चालत नाही ते शोधायचं असतं.

आत नेमकं काय घडतं

टर्बोच्या दांड्याला दोन चाकं असतात. एक एक्झॉस्टच्या झोतावर फिरतं, दुसरं ताजी हवा दाबून इंटरकूलरमार्गे, म्हणजे हवा गार करणाऱ्या जाळीतून, इंजिनाकडे ढकलतं. छोट्या पेट्रोल टर्बोचा दांडा पूर्ण जोरात असताना मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. तुम्ही पाय उचलला की थ्रॉटल बंद होतो, पण चाक काही लगेच थांबत नाही. ते हवा ढकलतच राहतं आणि पुढचं दार बंद असतं. पाइपातला दाब उलट चाकावर येतो, पात्यांची हवेवरची पकड सुटते, थोडी हवा मागे निसटते, दाब उतरतो, पकड परत बसते, परत सुटते. हे इतक्या वेगाने होतं की आपल्याला फडफड ऐकू येते. याला सर्ज म्हणतात. प्रत्येक फडफडीला दांड्यावरचा पुढचा-मागचा जोर बदलतो आणि तो भार दांड्याला पुढे-मागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग सोसतं.

व्हॉल्व्हचं काम इतकंच, की थ्रॉटल बंद झाला त्या क्षणी मधल्या पाइपातली दाबलेली हवा बाजूला काढायची. ती बाहेर मोकळी सोडली तर ब्लो-ऑफ, टर्बोच्या तोंडाशी परत नेली तर डायव्हर्टर. वेस्टगेट वेगळा. तो एक्झॉस्टच्या बाजूला असतो आणि बूस्ट ठरलेल्या मर्यादेवर धरतो. या दोघांची गल्लत करून वेस्टगेटचा रॉड पिळणारे मिस्त्री पाहिले आहेत. त्या हातात गाडी देऊ नका, फडफड तशीच राहते आणि बूस्ट भलतीकडे जातो.

डिझेलवाल्यांनी इथेच थांबावं

डिझेल इंजिनाची ताकद हवेवर नाही, किती इंधन मारलं यावर चालते. पाय उचलला की इंधन कमी होतं, हवेची वाट उघडीच राहते. नव्या डिझेलमध्ये एक फ्लॅप असतो खरा, पण तो मुख्यतः ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत आत घेणं), काजळी अडवणाऱ्या पार्टिक्युलेट फिल्टरची सफाई आणि इंजिन धक्का न देता बंद व्हावं यासाठी. पेट्रोलच्या थ्रॉटलसारखा तो दर वेळी तोंडावर आपटत नाही. म्हणून डिझेलला हा व्हॉल्व्ह लागत नाही. बाजारात डिझेलसाठी जे किट मिळतं ते पॅडलच्या तारेवर सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) जोडून आवाज काढतं. त्यासाठी भरल्या बूस्टची हवा बाहेर टाकायची आणि इंटरकूलरच्या पाइपात एक नवा गळका सांधा करायचा, हे मला अजिबात पटत नाही. डिझेल फडफडत असेल तर एअर फिल्टर चोंदलाय का, होज आत दबलाय का आणि टर्बोची पाती कशी आहेत ते बघा. माळव्यातल्या काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात फिल्टर किती लवकर भरते, हे बायपासच्या बाजूच्या वसाहतींत राहणाऱ्यांना सांगायला नको.

नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर गाडी बंद का पडते

एअर फिल्टरच्या डब्यानंतर, टर्बोच्या आधी, काही गाड्यांत मॅफ सेन्सर असतो. किती हवा आत गेली ते तो मोजतो आणि ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोल देतो. आता मोजून झालेली हवा तुम्ही पुढे ब्लो-ऑफमधून बाहेर सोडलीत. ईसीयूला ते कळत नाही. तो त्या हवेचंही पेट्रोल देतो, मिश्रण जाड होतं, मागून काळा धूर येतो, गाडी झटका मारते आणि आयडलिंगला येताना गुदमरून बंद पडते. हे रोज चालू राहिलं तर धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं आयुष्य कमी होतं, आणि तो भाग स्वस्त नाही.

याच गाड्यांत दुसरा उपद्रवही होतो. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे थ्रॉटलच्या पुढे सिलिंडरांकडे जाणाऱ्या पाइपांत, व्हॅक्यूम जोरात असतो. व्हॉल्व्हची स्प्रिंग नरम असेल तर तो तेव्हा अर्धवट उघडा राहतो आणि न मोजलेली, न गाळलेली हवा बाहेरून आत ओढली जाते. मिश्रण पातळ होतं आणि आरपीएम वर-खाली नाचायला लागतात. म्हणजे एकाच व्हॉल्व्हमुळे पाय उचलताना जाड आणि उभ्या गाडीत पातळ. स्कॅनरवर पी ०१७१ (मिश्रण पातळ) आणि पी ०१७२ (मिश्रण जाड) असे परस्परविरोधी कोड पाळीपाळीने आले तर मिस्त्री ऑक्सिजन सेन्सर बदलायला निघतो. त्याला आधी हे विचारा, की हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह कधी बसला.

मॅफ नसलेल्या, फक्त मॅनिफोल्डच्या दाबावरून हिशेब करणाऱ्या मॅप सेन्सरच्या गाड्यांत हा घोळ फारसा होत नाही. तरी आहे तो डायव्हर्टर काढून बाहेर सोडणारा बसवण्यात इंजिनाचा फायदा काही नाही. आवाज बदलतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध फेरफार करता येत नाही. अपघाताचा क्लेम करताना विमावाले अशा बदलाकडे बोट दाखवू शकतात, हेही लक्षात असू द्या.

आता प्रत्यक्ष शोध

सगळ्यात आधी लक्षणांची जोडी लावा. माझ्या अनुभवात निम्मं काम इथेच होतं.

फडफड आहे आणि पिकअपही गेलाय? मग व्हॉल्व्हकडे जाऊ नका, त्याच्या डोक्यावर येणारा बारीक व्हॅक्यूम पाइप बघा. डायफ्रामचा व्हॉल्व्ह असा चालतो: खालून बूस्टचा दाब त्याला उघडू बघतो, वरून स्प्रिंग आणि त्या बारीक पाइपातून आलेला मॅनिफोल्डचा तेवढाच दाब त्याला मिटून धरतात. थ्रॉटल बंद झाला की वरच्या बाजूला दाबाऐवजी व्हॅक्यूम येतो आणि व्हॉल्व्ह उचलला जातो. आता हा पाइप चिरला तर? बूस्ट असताना वरून दाब मिळत नाही, व्हॉल्व्ह नको तेव्हा उघडतो, पिकअप जातो. पाय उचलताना व्हॅक्यूम मिळत नाही, व्हॉल्व्ह हवा तेव्हा नीट उघडत नाही, फडफड होते. दोन तक्रारी, आणि कारण बोटाहून बारीक रबरी नळी.

रामबागेत राहणाऱ्या एका ओळखीच्या काकूंची गाडी अशीच होती. “अरे, दोनदा व्हॉल्व्ह बदलून झाला. आता म्हणतात टर्बोच बदला,” काकू काळजीने सांगत होत्या. टर्बोचा खर्च ऐकून त्या गाडी विकायच्या विचारात होत्या. इंजिन गार होतं. व्हॅक्यूम पाइप वरून काळा, गुळगुळीत, नवा वाटावा असा. टोकाची क्लिप मागे सरकवून तो बोटांत वाकवला तेव्हा खालच्या अंगाला, क्लिप जिथे बसते त्याच्या काठाशी, नखाएवढी चीर उघडली. पाइप सरळ सोडला की चीर मिटायची, काही दिसायचं नाही. दोन्ही वेळा मिस्त्रीने नवा व्हॉल्व्ह त्याच जुन्या पाइपाला जोडला होता. बूस्ट सोसणारा जाड भिंतीचा नवा होज कापून घातला, क्लिप बदलली, आणि काकूंचा टर्बो आजही तोच आहे.

म्हणून नियम असा ठेवा, की पाइप नुसता बघायचा नाही, वाकवून बघायचा. आणि बदलताना माशांच्या टाकीला लावतात तशी पातळ नळी लावू नका. ती व्हॅक्यूमने चपटी होते आणि बॉनेटखालच्या उष्णतेने महिन्याभरात कडक होते.

पिकअप ठीक आहे, नुसती फडफड आहे? तर व्हॉल्व्ह उघडत नाही. पिस्टनचा असेल तर तेल आणि धुळीच्या चिकट थराने अडकलेला असतो. उतरवा, स्वच्छ करा, कंपनीने सांगितलेलं ग्रीस अगदी पातळ लावा. स्क्रू फिरवून स्प्रिंग कसायची सोय असलेला बाहेरचा व्हॉल्व्ह असेल तर कुणीतरी तो जास्त कसलेला असतो. नव्या गाड्यांत विजेवर चालणारा डायव्हर्टर थेट टर्बोच्या अंगावरच असतो. तिथे कनेक्टर, वायर आणि कॉइल तपासा. पी ००३३ ते पी ००३५ हे कोड त्याच सर्किटचे आहेत.

इथे एक गोष्ट घाबरलेल्या लोकांसाठी. हलक्या पायाने चालवताना, थोडासाच बूस्ट असताना, पाय अर्धवट उचलला की क्षणभर होणारी मंद फडफड बऱ्याच गाड्यांत असते. व्हॅक्यूम स्प्रिंगला हरवण्याइतका नसतो म्हणून ती होते. त्या दाबाला बेअरिंगचं काही बिघडत नाही. पैसे खर्च करू नका.

पिकअप गेलाय, चढावर ‘श्शऽऽ’ असा आवाज येतोय आणि पी ०२९९ म्हणजे कमी बूस्टचा कोड आहे, पण फडफड नाही? मग व्हॉल्व्ह उघडाच राहिलाय किंवा इंटरकूलरचा होज सुटलाय. होजच्या सांध्यावर तेलाचा ओला डाग आणि त्याला चिकटलेली धूळ दिसली की गळती बहुधा तिथेच.

डायफ्राम तपासायला हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप लागतो. बऱ्या गॅरेजमध्ये तो असतो. व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाला लावून अर्ध्या बारच्या आसपास व्हॅक्यूम द्या. व्हॉल्व्ह उघडला पाहिजे आणि काटा मिनिटभर तरी जागेवर राहिला पाहिजे. काटा घसरत परत आला तर रबर फाटलंय. पंप नसेल तर व्हॉल्व्ह उतरवा, खालून बोटाने तबकडी वर ढकला, वरच्या बारीक तोंडावर दुसरं बोट घट्ट ठेवा आणि खालचं सोडा. चांगल्या व्हॉल्व्हची तबकडी अडखळते, फाटक्याची टपकन खाली येते.

पाइपांची गळती शोधायला टर्बोच्या तोंडाला टोपी बसवून कंप्रेसरची हवा भरतात आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारतात. रेग्युलेटर असल्याशिवाय हे करू नका. पाऊण बारच्या वर जायची गरज नाही, आणि टोपीच्या समोर उभं राहायचं नाही, ती निसटली तर जोरात येते. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागाच्या) श्वासाचा पाइप टोपीच्या पुढे जोडलेला असेल तर तो आधी बंद करा, नाहीतर इंजिनाची सील दाबाखाली येतात.

गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं ओबीडीचं छोटं डोंगल आणि मोबाइल असला तरी बरंच दिसतं. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डचा दाब वाचा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे आकडा ९५ किलोपास्कलच्या जवळ येतो, समुद्रसपाटीचा १०१ नाही. हे पाहून सेन्सर खराब ठरवणारे भेटले आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं. गरम इंजिन आयडलिंगला असताना बहुतेक पेट्रोल गाड्यांत ३० ते ४० दिसतं. तो ५० च्या वर असेल तर बहुधा कुठेतरी व्हॅक्यूमची गळती आहे. फडफड मात्र या डोंगलवर दिसणार नाही, त्याचा वेग तेवढा नसतो. तिथे कानच कामाला येतो.

दुरुस्ती करूनही परत का होतं

व्हॉल्व्ह वरचेवर जात असेल तर कारण व्हॉल्व्हच्या बाहेर शोधा. क्रँककेसच्या वाफांबरोबर येणारं तेल रबर मऊ करतं, म्हणून इंटरकूलरच्या पाइपात तेल साचलेलं दिसलं तर पीसीव्ही, म्हणजे त्या वाफा बाहेर काढणारा व्हॉल्व्ह, आधी बघा. व्हॅक्यूम पाइप टर्बोच्या उष्णतारोधक पत्र्याला टेकत असेल तर नवाही तसाच जळणार, त्याची वाट बदला. आणि रिमॅप करून, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलून, बूस्ट वाढवला असेल तर कारखान्याचा डायफ्राम त्या दाबासाठी बनवलेलाच नसतो. तिथे पिस्टनचा, पण हवा परत आत नेणारा, डायव्हर्टर घ्या. कारखान्याच्या नसलेल्या भागावर पैसे खर्च करायला मी सांगेन असं हे एकच प्रकरण.

बर्फावरच्या गाडीचं काय

माझा भाचा कॅल्गरीला असतो. हिवाळ्यात मित्रांबरोबर ब्रिटिश कोलंबियातल्या डोंगरांत स्नोमोबाइल चालवतो. त्याने टू-स्ट्रोक गाडीवर टर्बो किट चढवलं आणि विचारलं, “मामा, किटमध्ये ब्लो-ऑफ नाहीये, चालेल का?” प्रश्न तोच, उत्तर थोडं वेगळं.

तिथे टर्बोचा पहिला उपयोग उंचीने हिरावलेली हवा परत देण्याचा असतो. २,४०० मीटरवर हवेचा दाब सुमारे ०.७५ बार राहतो, म्हणजे साध्या इंजिनाची पाव ताकद गेली. स्नोमोबाइलच्या स्की-डू ब्रँडने २०२० च्या मॉडेलमध्ये ८५० ई-टेक टर्बो आणली ती यासाठीच: १६५ अश्वशक्ती, आणि ती ८,००० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण याच उंचीपर्यंत, टिकवायची. एवढी भरपाई करायला पाव बार पुरतो. इतक्या कमी बूस्टवर व्हॉल्व्ह नसला म्हणून टर्बो मोडत नाही, असं मी त्याला सांगितलं. शिवाय सीव्हीटी, म्हणजे आपोआप बदलणारा बिनटप्प्याचा गिअर, असल्यामुळे गिअर बदलताना पाय, म्हणजे तिथे अंगठा, उचलावा लागत नाही.

पण झाडांमधून वाट काढताना अंगठा सारखा दाब-सोड होतो. दर वेळी सर्ज झाला की चाकाचा वेग पडतो आणि पुन्हा दाबल्यावर ताकद उशिरा येते. चढावर तो उशीर धोक्याचा. म्हणून बूस्ट अर्ध्या बारच्या पुढे न्यायचा असेल तर व्हॉल्व्ह लावावाच. इथे हवा बाहेर सोडली तरी सहसा चालतं, कारण या गाड्यांत बहुतेक मॅफ नसतो. काळजी वेगळ्याच गोष्टींची घ्यायची. टू-स्ट्रोकमध्ये व्हॅक्यूम कमी आणि धडधडता असतो, म्हणून सगळ्या सिलिंडरांच्या तोंडांवरून पाइप एकत्र आणायचा आणि स्प्रिंग नरम ठेवायची. किटच्या इंधन-नियंत्रकाला दाबाची नळी जाते तिला टी मारून फाटा काढायचा नाही, व्हॉल्व्हला स्वतंत्र तोंड द्यायचं. व्हॉल्व्हचं हवा सोडणारं तोंड खाली करून त्यावर बारीक फिल्टर लावायचा, नाहीतर उघड्या व्हॉल्व्हमधून बर्फाची भुकटी थेट इंजिनात जाते. आणि संध्याकाळी आत वितळलेलं पाणी रात्री गोठून पिस्टन पकडू शकतं, म्हणून सकाळी सुरू करण्याआधी व्हॉल्व्ह बोटाने हलवून बघायचा.

दुरुस्तीनंतरची चाचणी

आपल्याकडे परत येऊ. काम झाल्यावर गाडी गरम करा आणि मोकळ्या चढावर, सिमरोलच्या पुढे पहाटे रहदारी नसते तिथे, तिसऱ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमपासून पूर्ण दाबून ४,००० ला पाय उचला. बायपासवर वेगाची चाचणी करू नका. वेगाची हौस असलेल्यांना मी पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक दाखवतो: तसल्या चाचण्या तिथे होतात, बंदिस्त जागेत, बचावाच्या व्यवस्थेसह. तुम्हाला फक्त एकदा दाबून एकदा सोडायचं आहे. पाय उचलल्यावर एकच छोटा ‘फुस्’ आला, बूस्ट ठरल्याइतका चढला आणि आयडलिंग स्थिर असेल तर काम झालं.

हे सगळं नीट असूनही फडफड राहिली किंवा तिच्याबरोबर सायरनसारखी बारीक शीळ ऐकू आली, तर गार इंजिनावर टर्बोच्या तोंडाचा होज काढा आणि दांडा बोटांत धरून हलवा. आडवा किंचित हलला तर चालतं. पुढे-मागे हलल्याचं बोटाला कळलं, किंवा पाती भिंतीला घासल्याच्या चकचकीत खुणा दिसल्या, तर बेअरिंग गेलं आहे. तेव्हा कुठलाच व्हॉल्व्ह घेऊ नका. गाडी चालवणं थांबवा आणि टर्बो उतरवून रिपेअरला द्या, कारण चाक तुटलं तर त्याचे तुकडे इंटरकूलरमध्ये आणि तिथून इंजिनात जातात.